गळ्यापासून छातीपर्यंत

वाकिजोचा डावा कान भट्टीने खाल्ला होता. सहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या भट्टीवर तो डाव्या अंगाला बसायचा आणि घण त्याच बाजूने पडायचे. तिशी येईतो त्या कानात एक बारीक शिट्टी तेवढी उरली. मग ऐकताना तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. एखादी कांशाची पट्टी वाजवली की तिच्यावर असा झुकायचा, जशी बाई मडक्यातल्या भाताला पाणी उरलंय का ते ऐकायला झुकते.

अर्धा बहिरा माणूस, पण सोलो शहराच्या दक्षिणेला कुठलाही गामेलान, म्हणजे कांशाच्या वाद्यांचा संच, बिघडला की बोलावणं यालाच यायचं. सायकलच्या कॅरियरला कानशींची पुडी बांधून तो निघायचा. चार दिवस, आठ दिवस, कुठल्या तरी गावच्या सभामंडपात बसून पट्ट्या घासायचा. पट्टी मधून घासली की सूर उतरतो, टोकांना घासली की चढतो. एवढंच ते काम. बाकी सगळं कुठे थांबायचं याच्यात आहे, असं तो म्हणे. घासलेलं कांसं परत चिकटवता येत नाही.

आमच्या केदुंगवारू गावचा गामेलान त्याच्या बापाने घडवला होता. स्वातंत्र्याची लढाई नुकती संपली होती, तेव्हा. घराघरातून तांब्याची भांडी गोळा केली, कथील सोलोहून आणलं आणि चौदा महिने भट्टी पेटती ठेवली. मोठा गाँग घडवताना भट्टीवरच्या पाचही लोहारांनी जुन्या कथांतल्या राजपुत्रांची नावं घेतली होती. आगीला खरी नावं कळू द्यायची नसतात. संचाचं नाव ठेवलं आंगिन लोर, उत्तरेचा वारा. नावाआधी कियाई लावायचं, वडीलधाऱ्यांना लावतात तसं. दर गुरुवारी संध्याकाळी गाँगपुढे फुलं आणि धूप. वाद्य ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, रांगतानाच कळलं.

पण कांसं भट्टीतून निघालं म्हणजे झालं असं नसतं. ते पुढे वीस-वीस वर्षं आतल्या आत हलत राहतं, सूर सरकत राहतो. बाप लवकर गेला. मग दर वर्षी गावशुद्धीच्या सणाआधी वाकिजो मंडपात बसून बापाच्या संचाला केसभर, केसभर कानस लावायचा. वीस वर्षं. त्या वीस वर्षांतच त्याला कासियाती ही एकुलती मुलगी झाली, गाँगच्या घोडीखाली ती रांगली, आणि पाच वर्षांची असताना बाप घासत असलेल्या पट्टीबरोबर गायला लागली. वाद्यं आणि तिचा आवाज एकाच सुमाराला स्थिरावले.

आमच्या पाच सुरांत दुसऱ्याचं नाव गळा आणि तिसऱ्याचं छाती. प्रत्येक गावच्या संचात या दोन सुरांमधलं अंतर वेगळं, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. आंगिन लोरची छाती गळ्यापासून नेहमीपेक्षा जरा लांब होती. किती लांब, ते सांगता येणार नाही. पण दुपारच्या उन्हात शेताच्या बांधावरून मंडपातले ते दोन सूर ऐकले की आपल्याच अंगात काहीतरी थोडं ताणलं जातंय असं वाटायचं. दुसऱ्या गावचे वादक चेष्टा करायचे, "केदुंगवारूची माणसं लांब मानेची." कासियाती गायला लागली की तेच अंतर तिच्या आवाजात यायचं, जसंच्या तसं. वाकिजो फक्त उजवा कान तिच्याकडे करायचा.

मी या गावच्या शाळेत मास्तर. त्या संचात सारोन वाजवायचो. मांडीपुढे ठेवून हातोडीने वाजवायच्या सात पट्ट्या, पाच सूर आणि त्यांचेच वरखालचे दोन. मला लोक गुरू म्हणतात. पुढे जे झालं त्यात माझाही हात वर गेलेला आहे.

कासियातीचा नवरा बाताम बेटावर कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला. ती पोराला घेऊन बापाच्या घरी आली आणि लग्नांत गायला लागली. तोवर लग्नांची रीतही पालटली होती. नुसता गामेलान कुणाला नको होता. शेजारी कीबोर्ड हवा, बास गिटार हवी, नाचता आलं पाहिजे. क्लातेनचा योयोक नावाचा एक जण ते सगळं घेऊन हिंडायचा. त्याने कासियातीला घेतलं आणि तिच्याबरोबर आमचा गामेलानही घेतला. पहिल्या तीन-चार लग्नांतच कळलं की दोन्ही जमत नाहीत. कीबोर्ड एक बोलायचा, आंगिन लोर दुसरं, आणि मधे कासियाती उभी.

मंडपात बैठक बसली. लुराह, म्हणजे आमच्या गावचा मुखिया, चटईवर मधोमध. योयोक उशिरा आला आणि वाट जवळची म्हणून सरळ माझं सारोन ओलांडून आत शिरला.

"अरे अरे! ओलांडायचं नसतं ते," गाँग वाजवणारे सोमो आजोबा ओरडले.

"मग कुठून येऊ आजोबा, छपरावरून?"

"आलास तर बस. ओलांडलंस तेवढं पुरे."

योयोक बसला, लवंगी सिगारेट पेटवली. आमच्यात बाप असो वा वडीलधारा, हाक बापाकच. लुराह म्हणाला, "बापाक वाकिजो, सरळ बोलतो. परवा माझ्या मेहुणीकडच्या लग्नात हे दोन्ही एकत्र वाजलं. पाहुणे ताटावरून उठले हो. बदकं भांडतायत असं वाटत होतं."

"कीबोर्ड बदला," वाकिजो म्हणाला.

"तो जपानहून येतो," योयोक हसून म्हणाला. "त्याला काय कानस लावू?"

"तुझ्या जपानला गळा कुठे आणि छाती कुठे ते माहीत नाही."

"नसेल. पण जपानचा डबा सगळीकडे सारखा वाजतो, आणि तुमचा संच फक्त केदुंगवारूत. मला राग ओढवून घ्यायचा नाही बापाक. तुम्ही जुळवून दिलंत तर ठीक. नाहीतर वोनोसारीचा संच तयार आहे, आणि तिकडे गाणारीही आहे."

ते शेवटचं वाक्य कुणाकडे बघून बोलला ते सगळ्यांनी पाहिलं. कासियाती खांबापाशी चहाचे पेले घेऊन उभी होती. संच कीबोर्डशी जुळवावा असं ज्यांना वाटतं त्यांना लुराहने हात वर करायला सांगितलं. सोमो आजोबांनी केला नाही. मी केला. शाळेत मुलं मला विचारायची, गुरू, तुमचं वाद्य कॅसेटबरोबर का जुळत नाही? मला वाटलं, जुळलेलं बरं.

वाकिजो उठून घरी गेला. त्याच्या आणि माझ्या घरात एक बांबूची भिंत आहे. पलीकडे कढईत तेंपे, सोयाबीनची वडी, टाकलं तरी अलीकडे ऐकू येतं. त्या दुपारी तेंपे तळलं जात होतं आणि वाकिजो कासियातीशी बोलत होता.

"तुझ्या आजाने घडवलंय ते. मी वीस वर्षं सांभाळलंय. तो सिगारेटवाला येतो आणि मला सांगतो—"

"बापाक, एक विचारू?"

"विचार न्दुक." मोठी झाली तरी तिला तो लहान पोरीला हाक मारतात तशीच मारायचा.

"लग्नघरची माणसं मला काय म्हणतात, माहीत आहे? बाई दिसायला बरी आहे, पण बेसूर गाते. मागच्या वेळी नवऱ्यामुलाची आत्या येऊन म्हणाली, घशाला मध लाव गं. बापाक, मी बेसूर गात नाही. तुम्ही शिकवलंत तसं गाते."

तेल तडतडलं, करपल्याचा वास भिंतीअलीकडे आला. मग वाकिजो म्हणाला, "करपलं बघ," आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो मंडपात कानशी मांडून बसला. योयोकचा कीबोर्ड शेजारी ठेवलेला. मी जाऊन म्हणालो, "बापाक, एक गेंदेर तरी बाजूला ठेवा. तसाच राहू दे, न घासता. पुढे कधी लागलं तर बाबोन असेल." गेंदेर म्हणजे पातळ पट्ट्यांचं वाद्य, आणि बाबोन म्हणजे आई, जिच्यावरून दुसरा संच जुळवतात ती वाद्यं. कुठलाही जुळवणारा हातची आई सोडत नाही. नुसत्या लाकडाच्या पट्ट्या तरी करून ठेवतो.

"सगळीच वाद्यं हवीत त्याला," वाकिजो म्हणाला.

"मग लाकडाच्या पट्ट्या करा. मी मदत करतो."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गर्व होता. त्याच्या डोळ्यांत मी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता. "लाकडाला वाळवी लागते, गुरू. माझी आई घरात आहे, भात शिजवतेय. तिच्या गळ्यात मी सगळं ठेवलंय. उद्या हे सगळं वितळवलंत तरी तिला एकदा गायला लावीन आणि परत घडवीन."

मलाही ते पटलं होतं. बावीस दिवस तो घासत होता. गळ्यापासून छाती जवळ आणली, कीबोर्डच्या मापाने. फक्त मोठ्या गाँगला हात लावला नाही. गाँगला कानस लावत नाहीत.

मग चौदा वर्षं बरी गेली असं म्हणायला हवं. आंगिन लोर तीन जिल्ह्यांतल्या लग्नांत वाजला. कासियातीला कुणी बेसूर म्हटलं नाही. तिच्या कॅसेट निघाल्या, एकीवर निळ्या जाळीदार कबायात तिचा फोटो होता. घराला सिमेंटची जमीन झाली. पोरगं शिकलं. सणाला आम्ही जुनी गाणी वाजवायचो तेव्हा सोमो आजोबा गाँगवर ठोका द्यायचे आणि तो ठोका बाकी सगळ्यांपासून वेगळा पडायचा, जेवणाच्या पंगतीत एकट्याने उपास धरलेल्या माणसासारखा. पहिली दोन-तीन वर्षं ते खटकलं. पुढे खटकेनासं झालं. वाकिजो सणाच्या दिवशी दुसऱ्या गावी काम काढायचा.

मग योयोकने नवा कीबोर्ड आणला. त्यात गामेलानचे आवाज भरलेले होते, सारोन, बोनांग, गाँग, सगळे. एक बटण दाबलं की एक वाद्य. मंडपात येऊन त्याने आम्हाला दाखवलंही, अगदी प्रेमाने. "बघा गुरू, हे तुमचं." त्याने बोटाने माझं सारोन वाजवलं. "आता तुम्हाला ट्रकमागे बसून हाडं खिळखिळी करून घ्यायला नको." कासियाती त्याच्याबरोबर गात राहिली. आमचा संच मंडपात कापडाखाली गेला.

वाकिजो पंचाहत्तरीचा झाला होता. संच कापडाखाली गेल्यावर पंधरा दिवसांनी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"आता कुणाला नकोय ना तो?"

"कोण?"

"आंगिन लोर. कुणाच्या मापाचा असायची गरज नाही ना आता?"

"नाही."

"मग मी त्याला परत आणतो."

त्याने सगळ्या पट्ट्या काढून तपासल्या होत्या. बऱ्याच पातळ झाल्या होत्या. कीबोर्डसाठीचं घासणं त्यांनी सोसलं, आणखी एकदा सोसतील, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा त्या पत्र्यासारख्या वाजतील. म्हणजे एकच संधी. गाँग तेवढा जुन्या सुरात होता, पण त्यात एकच सूर, गळ्यापासून छातीचं अंतर त्यातून कळणार नव्हतं. त्याला ती बापाच्या वाद्यांसाठी हवी होती आणि त्याहून जास्त स्वतःसाठी. मरायच्या आधी बापासमोर उभं राहायला काहीतरी हवं, असं तो म्हणाला. आमच्यात मेलेली माणसं सणाला ऐकायला येतात.

दुसऱ्या दिवशी कासियाती सकाळीच मंडपात आली. चव्वेचाळीसची, जराशी जाड झालेली, गळ्यात सोन्याची साखळी. तिला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी बापाने तिच्याकडे काही मागितलं होतं.

"काय गाऊ बापाक?"

"पहिलं. लहानपणी शिकवलं होतं ते. वाद्याशिवाय."

ती गायली. आवाज भरलेला, पिकलेला, खरंच सुंदर. वाकिजोने मान वळवून उजवा कान पुढे केला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. गळ्यावरून ती छातीवर आली तेव्हा त्याच्या भुवया थोड्या उचलल्या गेल्या आणि तशाच राहिल्या.

"पुन्हा."

ती पुन्हा गायली.

"चहा घे. मग पुन्हा."

तिने खडीसाखर तोंडात धरून चहा घेतला. पुन्हा गायली. मग त्याने तिला मंडप झाडायला लावला. "लहानपणी झाडताना गायचीस तसं. माझ्याकडे बघू नकोस." आणि तो स्वतः मागच्या केळींत जाऊन उभा राहिला. मीही त्याच्या मागे गेलो. आत झाडूचा आवाज होता आणि त्यावरून तिचं गाणं येत होतं, मोकळं, कुणासाठीही नसलेलं. तिथेही गळ्यापासून छाती जवळच होती. कीबोर्डच्या मापाने. चौदा वर्षं तिने ते माप रोज तोंडात घेतलं होतं, आणि कुठला तरी एक दिवस असा गेला असेल की त्या दिवसानंतर जुनं अंतर तिच्यात उरलं नाही. तो दिवस कुणाच्या लक्षात आला नाही. तिच्याही नाही.

"गुरू," वाकिजो हळू म्हणाला, "तुम्ही वीस वर्षं वाजवलंत. तुम्ही म्हणून दाखवा."

मी तोंड उघडलं. जे आलं ते काय होतं मला कळलं नाही. तो थोडासा हसला.

"तुम्हाला स्वतःला आठवत असेल बापाक."

"आठवतं. डोळे मिटले की ऐकू येतं. मग पट्टी वाजवली की पुसलं जातं." त्याने उजव्या कानावर हात ठेवला. "यातही आता शिट्टी आहे."

आतून तिने हाक मारली, "जुळलं का?"

वाकिजो केळीचं एक सुकलेलं पान सोलत उभा होता. "जुळलं," तो म्हणाला. "अगदी तेच आहे, न्दुक. उद्यापासून रोज सकाळी ये. तू गा, मी घासतो."

नऊ दिवस ती रोज सकाळी आली. आंघोळ करून, केसांत चाफ्याचं फूल घालून. ती गात होती आणि तो ऐकत नव्हता. डावा कान तिच्या बाजूला करून बसायचा. छाती गळ्यापासून लांब नेत होता, अंदाजाने. किती, हे त्याला माहीत नव्हतं. एकदा पाणी प्यायला उठला तेव्हा माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "लांब ठेवली की माणसांना जुनं वाटतं."

सणाला आंगिन लोर वाजला. गाव लोटलं होतं. सोमो आजोबा नव्वदीचे, दोघांनी धरून गाँगपाशी बसवलेले. त्यांनी ठोका दिला आणि रडायला लागले. "आला रे," म्हणाले, "आला." लुराहने वाकिजोच्या खांद्यावर नवं बातिकचं कापड घातलं. मी सारोन वाजवत होतो आणि मला खरंच तेच वाटत होतं. बांधावरचं ऊन, अंगातलं ते ताणलेपण, सगळं. मला फरक कळला नाही. केळींत त्याच्या शेजारी उभा असलेला मी, मलाही कळला नाही.

कासियाती गायला उभी राहिली. पहिल्या ओळीला अडखळली, दुसरीला आवाज थोडा ताणून संचाशी जुळवून घेतला, कसलेल्या गाणारीला ते जमतं. खाली बसली तेव्हा म्हणाली, "बघा, माझ्यातूनच आला."

पुढच्या वर्षी शहरातल्या एका संगीतशाळेची माणसं आली. तीन तरुण, एक बाई, मोजायची यंत्रं. प्रत्येक पट्टी वाजवून आकडे लिहून घेतले. बाई हरखून गेली होती. गळा आणि छाती यांमधलं इतकं अंतर तिने कुठेच पाहिलं नव्हतं. तिला याच्यावरून नवे संच जुळवायचे होते. आंगिन लोर बाबोन होणार होता.

तिने वाकिजोसमोर वही धरली. "बापाक, हा मूळचाच सूर ना? तुमच्या वडिलांचा?"

कासियाती शेजारीच बसली होती, पाहुण्यांसाठी केळीच्या पानातला भात सोडत. तिने बापाकडे पाहिलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. मग ती बाई विचारणार, मग मूळचा कुठे गेला? आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते हातात भाताचं पान घेऊन शेजारी बसलं होतं.

"हो," वाकिजो म्हणाला. "मूळचाच."

"तुम्ही तो कसा जपलात?"

"मी नाही. हिने."

बाईने ते लिहून घेतलं. कासियातीचा फोटो काढला.

तीन वर्षांनी वाकिजो गेला. आता त्या मापाचे चार संच आहेत, एक परदेशात. शाळेची मुलं सहलीला येतात, आणि कासियाती मंडपात बसून त्यांना सांगते की हा सूर एकदा गेला होता आणि तिच्या आवाजातून परत आला. मुलं विचारतात, खरंच? ती माझ्याकडे बोट दाखवते, यांना विचारा, गुरू तेव्हा तिथे होते. मी मान हलवतो, हातोडी उचलतो, आणि वाजवायला लागतो.